दुर्बिणीची मांड

शिकारीच्या रायफलीला दुर्बीण बसवायची तर माउंट कोणता घ्यावा, असं शिरूर-दौंड पट्ट्यात कुणी विचारलं तर त्याचं कायदेशीर उत्तर एका शब्दात संपतं: कशाला? १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार हा शब्द इथे मांजर, बिबट्या आणि निवडणुकीतला विरोधी उमेदवार यांच्यापुरता उरला. चिंकारा, काळवीट, लांडगा, बिबट्या आणि मोराची चिंचोली हे गाव ज्यांच्या नावावर पोट भरतं ते मोर, सगळे पहिल्या अनुसूचीत बसलेत. त्यांच्यावर नेम धरणाऱ्याची तीन ते सात वर्षांची राहण्या-जेवणाची सोय सरकार करतं. रानडुकराबाबत वनखात्याकडे अर्ज करायची वाट आहे, पण अर्ज टेबलांवरून फिरून येईपर्यंत डुक्कर भुईमूग उकरून, ऊस लोळवून शेजारच्या गट नंबरात गेलेलं असतं. तरीही प्रश्न अस्थानी नाही. दौंडला राज्य राखीव पोलीस बलाचे दोन गट आहेत, वनखात्याकडे बेशुद्ध करायच्या बंदुका आहेत, पोरं एअर रायफलीच्या स्पर्धांना जातात, आणि पीकसंरक्षणाच्या परवान्याची एखादी एकनळी वाड्या-वस्त्यांवर अजून खुंटीला असते. तेव्हा शिकार सोडून देऊ, माउंट धरून ठेवू. माझं म्हणणं एवढंच आहे की दुर्बीण निवडताना आपण जी अक्कल खर्च करतो, तिच्यातली निम्मी माउंटकडे वळवली तर नेमही सुधारेल आणि पैसेही वाचतील. आपण तसं करत नाही, आणि न करण्याची कारणं बंदुकीपेक्षा जास्त मजेशीर आहेत.

माउंट म्हणजे रायफल आणि दुर्बीण यांच्यातला दुवा. रायफलीच्या पाठीवर एक खाचांची पट्टी असते, तिला रेल म्हणतात. रेलला धरणारे दोन पाय, पायांवर दोन कड्या, आणि कड्यांत आडवी झोपलेली दुर्बीण. दुकानात सगळे माउंटच म्हणतात, पण भीमथडीला, म्हणजे भीमेकाठच्या या मुलखाला, त्यासाठी परका शब्द लागायला नको होता. या काठांनी तट्टं वाढवली. शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदी म्हणतात, आणि एकोणिसाव्या शतकात पूना इर्रेग्युलर हॉर्स हा इंग्रजांचा रिसाला तिथल्याच छावणीत असे. अशा मुलखात स्वाराची लायकी त्याच्या पागोट्यावरून नव्हे, मांडीवरून ठरत आली. मांड पक्की असेल तर तो स्वार, नाहीतर घोड्यावर ठेवलेलं गाठोडं. दुर्बिणीची रायफलीवरची मांड म्हणजे माउंट. गंमत अशी की नेमाला जुन्या मराठीत शिस्त म्हणत. शिस्त धरून बार काढायचा, हा बंदुकीचा शब्दप्रयोग. पुढे तो शब्द शाळेत गेला आणि त्याला छडी चिकटली. मूळ अर्थाने बघितलं तर मांड सुटली की शिस्त बिघडते, आणि हे कुठल्याही हेडमास्तरला मान्य होईल.

आता खरेदीला निघालेल्या गिऱ्हाइकाकडे बघा. ते दुर्बिणीबद्दल सगळं विचारतं. किती पट मोठं दिसतं, नऊ की सोळा की चोवीस? पुढचं भिंग चाळीस मिलिमीटरचं की पन्नासचं? काचेवरचा थर हिरवा की जांभळा? पावसात आत वाफ धरते का? तासभर हे चाललं की पाकीट काढता काढता म्हणतं, माउंट काय असेल तो टाका त्यातच. मुलीसाठी स्थळ बघताना पगार, फ्लॅट, मामाचं गाव, बहिणींची संख्या सगळं खोदून विचारायचं आणि उठताना म्हणायचं की मुलगा कसा का असेना, त्यातलाच हा प्रकार. आता हिशेब मांडू. दोन कड्यांमध्ये बारा सेंटिमीटर अंतर आहे असं धरा. बार उडाल्याच्या हिसक्याने मागची कडी फक्त एका केसाच्या जाडीइतकी, म्हणजे मिलिमीटरच्या शंभरांश आठ इतकी, बाजूला सरकली. शंभर मीटरवर गोळी साधारण साडेसहा सेंटिमीटर बाजूला जाते. म्हणजे चार बोटं. केसाने गळा कापतात म्हणजे काय, ते इथे भूमितीने सिद्ध करता येतं. चोवीस पट मोठं दाखवणारी काच याला काही करू शकत नाही. फार तर गोळी चुकलेली चोवीस पट मोठी दिसते.

यावर जाणता माणूस म्हणेल, दुर्बिणीवर फिरवायच्या चकत्या असतात, टक टक वाजतात, त्या फिरवून नेम जुळवता येतो. मग केसभर फरकाचं एवढं काय? चकत्या असतात हे खरं. पण त्यांनी स्थिर चूक भरून निघते, फिरती चूक नाही. घड्याळ रोज नेमकं दहा मिनिटं पुढे असेल तर माणूस हिशेब धरून वेळेवर स्टँडवर पोचतो. तेच घड्याळ कधी पुढे, कधी मागे असेल तर एसटी चुकतेच. सैल माउंट हे दुसऱ्या जातीचं घड्याळ. चकत्या फिरवणारा प्रत्येक बारानंतर नवी दुरुस्ती करतो, मग त्या दुरुस्तीची दुरुस्ती करतो, आणि काडतुसं संपल्यावर निष्कर्ष काढतो की दुर्बीणच खराब आहे. ती विकून तो आणखी महाग दुर्बीण आणतो आणि त्याच माउंटवर बसवतो. नाकापेक्षा मोती जड ही म्हण बंदुका यायच्या आधीची असावी, पण तिला याहून चांगलं उदाहरण मिळालेलं नाही.

मापांचा गोंधळ हा पुढचा भाग, आणि तो समजायला दौंडकरांसारखे श्रोते नाहीत. एअर रायफलीवर बहुधा अकरा मिलिमीटरची निमुळती खाच असते. मोठ्या रायफलींवर वीव्हर नावाची जुनी रेल किंवा पिकाटिनी नावाची, अमेरिकी लष्कराने १९९५ मध्ये प्रमाण म्हणून ठरवलेली रेल. दोन्ही लांबून बघितल्या तर जुळ्या बहिणी. पण वीव्हरची खाच साडेचार मिलिमीटरच्या जरा वर, पिकाटिनीची सव्वापाचच्या आसपास. म्हणून वीव्हरचा माउंट पिकाटिनीवर बसतो, पिकाटिनीचा वीव्हरवर बसत नाही. शिवाय कड्यांचं माप निराळं: दुर्बिणीची नळी एक इंची की तीस मिलिमीटरची. ज्या गावात मनमाडची गाडी मोठ्या रुळावर आणि बारामतीची गाडी कित्येक दशकं छोट्या रुळावर उभी राहिली, आणि बोचकी, कोंबड्या, पोरं घेऊन एका गाडीतून दुसरीत शिरताना लोकांची आयुष्यं गेली, तिथे गेज न जुळल्याने काय होतं हे नव्याने सांगायची गरज नाही. फरक इतकाच की रेल्वेत गेज जुळलं नाही तर माणूस उतरून चालत जातो. माउंटच्या बाबतीत तो पत्र्याची पाचर ठोकतो. कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कापून कडीत घालणं हा जगभरच्या हौशी नेमबाजांचा जुना तोडगा आहे, तेव्हा यात मराठी माणसाने कमीपणा वाटून घेऊ नये.

उंचीकडे मात्र नीट बघायला हवं, कारण सगळ्यात जास्त हौस तिथेच होते. नियम सोपा आहे. पुढचं भिंग नळीला टेकू नये, बोल्ट उचलताना त्याची मूठ दुर्बिणीला अडू नये, आणि गाल लाकडावर टेकला की डोळा आपोआप भिंगाच्या मधोमध यावा. एवढं साधून माउंट जितका ठेंगणा मिळेल तितका चांगला. पण ठेंगणं काही आपल्याला आवडत नाही. घराचा चौथरा शेजाऱ्यापेक्षा दोन फूट वर, ट्रॅक्टरची सीट वर, आणि दुर्बीणही वर. पन्नास मिलिमीटरचं भिंग घेतलं की उंच कड्या लागतात, उंच कड्या लागल्या की गाल लाकडावरून सुटतो, आणि माणूस हनुवटी टेकवून, कुंपणावरून शेजाऱ्याच्या लग्नात डोकावल्यासारखा नेम धरतो. या हौसेचा कळस म्हणजे खालून आरपार पोकळी असलेला माउंट: वरून दुर्बीण, पोकळीतून बिनदुर्बिणीच्या नेमाची जुनी माशी आणि खाच, म्हणजे दोन्ही सोयी. वर माडी, खाली दुकान. अशा घरात दुकान नीट चालत नाही आणि माडीवर झोप लागत नाही, तसंच इथे दोन्ही नेम अर्धवट राहतात. जवळच्या अंतरावर तर उंचीची वेगळी शिक्षा असते. दुर्बीण नळीच्या चार-पाच सेंटिमीटर वर बसलेली असली की पन्नास मीटरला जुळवलेली रायफल पाच-सात पावलांवर तेवढीच खाली मारते. आणि दुर्बीण फार मागे सरकवून बसवली तर धक्क्याबरोबर तिची कड भुवईवर आदळते आणि अर्धवर्तुळाकार खूण उमटते. पुणे जिल्ह्यात कपाळावर चंद्रकोर काढायची हौस वाढलीच आहे. ही टिकते जास्त. डोळा आणि काच यांच्यात आठ-दहा सेंटिमीटर ठेवायचे असतात ते एवढ्यासाठीच.

एअर रायफलीला इतक्या भानगडीची काय गरज, ती तर खेळण्यातली, असा आक्षेप नेहमी येतो. साडेचार मिलिमीटरची, वीस ज्यूलपर्यंतची एअर रायफल घ्यायला परवानाही लागत नाही, त्यामुळे ती माणसाला निरुपद्रवी वाटते. दुर्बिणीला मात्र तीच जास्त छळते. स्प्रिंगच्या बंदुकीत आधी दट्ट्या सुटतो म्हणून ती मागे येते, मग दट्ट्या टोकाला आदळतो म्हणून पुढे झेपावते. मोठ्या रायफलीचा धक्का दांडगा पण मुख्यतः एका दिशेचा. हिचा छोटा आणि दोन्ही दिशांचा. सासू एकदाच ओरडते, हिला मात्र घरचे आणि माहेरचे दोन्हीकडून ऐकवतात. त्यामुळे दुर्बीण रेलवरून हळूहळू मागे सरकत जाते. म्हणून अशा माउंटला खाली एक छोटी खुंटी असते, ती रेलवरच्या भोकात अडकवायची. ही इवलीशी खुंटी पुडीतून काढून, जास्तीची वस्तू दिसते असं म्हणून ड्रॉवरमध्ये टाकलेली असते. पुढे वर्षभर दुर्बिणीला शिव्या.

स्क्रूबद्दल बोलायचं तर रांजणगावला यावं लागेल. तिथल्या एमआयडीसीत शिरूरची पोरं शिफ्टमध्ये सीएनसीवर बसतात आणि मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शात जॉब काढतात. दहा मायक्रॉन कमी-जास्त म्हणजे काय, हे त्यांच्याकडून ऐकावं. याच हातांनी घरी परतल्यावर चुलत्याच्या एकनळीला बॅटरी बसवायची वेळ आली की सायकलच्या ट्यूबचं रबर निघतं. तीन वेढे, वर एक गाठ, गाठीवर काळी टेप. बार काढला की बॅटरी खाली मान घालते आणि उजेड मारणाऱ्याच्याच चपलांवर पडतो. कारखान्यात टॉर्क रेंच वापरणारा माणूस घरी 'आवळ, अजून आवळ' या एककावर येतो. दुर्बिणीच्या कड्यांच्या बारीक स्क्रूंना दोन न्यूटन-मीटरच्या आसपास ताण पुरतो; म्हणजे एलन कीचं लांब टोक भोकात घालून आखूड टोक दोन बोटांनी फिरवावं, इतपत. त्याऐवजी पाइप घालून आवळलं की ॲल्युमिनियमच्या नळीला चिमटा बसतो, आतल्या काचा तिरप्या होतात आणि चकत्या अडकतात. सैल माउंट नेम बिघडवतो, जादा आवळलेला दुर्बीणच मारतो. कायद्याने या पट्ट्यात एवढ्या एकाच शिकारीला अटकाव केलेला नाही.

मांडीकडे दुर्लक्ष करायची आपली सवय जुनी आहे, याला इतिहासही साक्ष आहे. पानिपतच्या पराभवाची कारणं मराठी माणूस अडीचशे वर्षं मोजतोय. त्यात माउंटचं एक कलम घालायला हरकत नाही. १४ जानेवारी १७६१ ला आपल्या बाजूला इब्राहिमखान गारद्याच्या जड तोफा होत्या, लांबचा मारा करणाऱ्या, पण हलवायला दांडग्या. अब्दालीकडे उंटांवर बसवलेली जंबुरकं होती. नळी म्हणून बघितलं तर जंबुरक काहीच नव्हे. पण त्याचा माउंट चार पायांवर चालत यायचा, हवा तिथे बसायचा आणि बार काढून उठून जायचा. हरण्याची इतर कारणं मोठी होती, मान्य. तरी आपल्या आठवणीत कायम नळीच राहते. शिरूर ओलांडून पुढे गेलं की नगर. तिथे १५४९ साली ओतलेली पंचावन्न टनांची मुलुखमैदान तोफ आज विजापुरात आहे, आणि मोठ्याने बोलणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याला आपण तिचं नाव देतो. ती ज्या गाड्यावरून गेली असेल, त्या गाड्याला कुणी नाव ठेवलं नाही. या बाबतीत इंग्रज शहाणे ठरले. दुसऱ्या महायुद्धातल्या त्यांच्या नेमबाजांच्या ली-एनफिल्ड रायफली हॉलंड अँड हॉलंड या बंदूकवाल्यांकडे जात. तिथे डाव्या अंगाला माउंट बसवून, दुर्बीण जुळवून, रायफलीचा नंबर माउंटवर आणि दुर्बिणीचा नंबर रायफलीच्या दस्त्यावर कोरत. गाल उचलून धरायला लाकडाचा तुकडाही ठोकत. पत्रिका जुळवून लावलेलं हे लग्न. एकीची दुर्बीण दुसरीला चालत नसे. ली-एनफिल्डच्याच घराण्यातली आपल्या आयुध कारखान्यांची ३१५ बोअरची रायफल गावोगाव पोचली ती मात्र पुढे माशी, मागे खाच, एवढ्याच दागिन्यांवर.

इथे दोन वजनदार आक्षेप येतात. पहिला जिम कॉर्बेटचा. त्याने दुर्बीण न लावता नरभक्षक मारले, मग ही थेरं कशाला? बरोबर आहे. पण १९२६ च्या मे महिन्यात रुद्रप्रयागचा बिबट्या त्याने मारला तो रात्री, रायफलीवरच्या टॉर्चच्या उजेडात. तो टॉर्च ऐन वेळी चपलांवर पडला नाही, हा पुरावा माझ्याच बाजूचा धरतो. दुसरा आक्षेप कोल्हापूरकडून येतो आणि तो जास्त अडचणीचा आहे. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये पन्नास मीटरच्या रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक घेतलं. त्या प्रकारात दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं, आणि दुर्बीण लावायला नियमाने बंदी. तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला माणूस दुर्बिणीशिवाय बटण भेदतो, तर आपण काचेवर पगार का घालवावा? याचं उत्तर त्याच्या रायफलीकडे नीट पाहिलं की मिळतं. मागच्या बाजूला बारीक भोकाची चकती, तिच्यात मोठं करून दाखवणारं काही नाही. पण ती चकती रेलवर जशी बसवलेली असते तशी आपल्याकडे छपराची कैचीही बसवत नाहीत. काच काढून टाकली तरी चालली, मांड काढून चालली नाही. तिसरा एक आक्षेप गल्ल्यावरचा आहे, की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला कोण करतो? बारा आणे कुणी मागत नाही. दुर्बिणीत दोन पट कमी मोठं दिसेल असा आकडा घ्यावा आणि वाचलेले पैसे माउंटला द्यावेत, इतकीच मागणी आहे. कोंबडी आठ आण्याची, मसाला आठ आण्याचा, आणि खाणाऱ्याची तक्रार नाही.

एका ठिकाणी मात्र हसू आवरतं घ्यावं लागतं. शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत तीन बळी गेले, त्यांत दोन मुलं. लोक रस्त्यावर उतरले. बेशुद्ध करायचा प्रयत्न साधला नाही आणि अखेर नेमबाजांना बिबट्यावर गोळी घालावी लागली. तिथल्या अंधारात, उसाच्या कडेला उभं राहून काय दिसत असेल, हे खुर्चीतल्या माणसाने सांगू नये. डार्टबद्दल एवढं सांगता येतं की ते औषध भरलेलं इंजेक्शनच असतं, जड आणि संथ; गोळीसारखं सरळ जात नाही, फेकलेल्या दगडासारखं कमानीने जातं, आणि माराही जवळच्याच अंतराचा. इतक्या जवळून दुर्बिणीचं किती पट मोठं दिसतं याला किंमत उरत नाही, ती नळीच्या किती वर बसली आहे याला राहते.

उरला झटपट सुटणारा माउंट. एक खटका दाबला की दुर्बीण हातात, पुन्हा लावला की म्हणे नेम जिथल्या तिथे. परदेशात तो काट्याकुट्यांतून जाणाऱ्या शिकाऱ्यांसाठी काढला; त्याचं खरं गिऱ्हाईक महाराष्ट्रात आहे. इथे आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायचा हुकूम निघतो. २०२४ मध्ये दौंडने बारामती लोकसभेसाठी ७ मेला मत दिलं, शिरूरने आपल्या लोकसभेसाठी १३ मेला, मग २० नोव्हेंबरला दोघांनी विधानसभेला. त्यापुढे नगरपालिका, पंचायत समित्या, सोसायट्या रांगेत उभ्याच. बंदूक घरी कमी आणि ठाण्यात जास्त, सासरी न नांदणाऱ्या मुलीसारखी. ठाण्यातल्या कोपऱ्यात ती पाच-पंचवीस बंदुकांच्या घोळक्यात उभी राहते, वरून कुणाची दुनळी कलंडते, आणि हजारो रुपयांच्या काचेची शिस्त तिथेच मोडते. तेव्हा खटका दाबावा, बंदूक पावतीवर द्यावी, दुर्बीण घरी ठेवावी. चिंचोलीच्या बाजूला ती मग गच्चीवर जाते. कठड्यावर ज्वारीचं पोतं आडवं टाकायचं, पोत्याला मुठीने खळगा पाडायचा, खळग्यात दुर्बीण ठेवायची. बांधावरचा मोर दिसतो, त्यापलीकडे विहिरीवरच्या स्टार्टरचा लाल दिवा दिसतो, लाइट आली की नाही ते पोराला ओरडून सांगता येतं, आणि पोतं जागचं हलत नाही.